चारचौघांत भिणारे अप्पा

मला अप्पांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं माझ्या बोलण्यात कुठं तिरकसपणा आला तर तो कशामुळं, हा प्रश्न पडणार नाही. हेवा त्यांच्या दुकानाचा नव्हता, शेताचा नव्हता, हायवेला लागून असलेल्या दुमजली घराचाही नव्हता. अप्पा भित्रे होते. ते भित्रे आहेत हे सगळ्या जळकोटला माहीत होतं, आणि तरी गावात त्यांना कुणी कमी लेखत नव्हतं. मला हेवा होता तो याचा.

अप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. ते लेकीकडं राहायला गेले आणि तिकडंच गेले. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, आणि घराच्या खालच्या मजल्यावर बी-बियाणं, खतं, दोर आणि फवारणीचे पंप यांचं दुकान. नाव महालिंगअप्पा. अंगानं आडवेतिडवे, पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला भस्माचे पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि हैदराबादकडच्या ट्रकवाल्यांशी तिकडची हिंदी असं त्यांचं दिवसभर चालायचं. बोलायला बसले की कुठल्या वाक्यात कुठली भाषा येईल याचा नेम नसे.

असा धिप्पाड माणूस दुकानाच्या पायरीवर कुत्रं बसलं तर आत यायच्या आधी रस्त्यावरच्या कुणालाही सांगायचा, "जरा हाकला हो त्याला, मला भ्या वाटतंय." पाल दिसली की गल्ला सोडून बाहेर येऊन उभे. ढग गडगडायला लागले की शेजारच्या चहावाल्याकडं जाऊन बसत, कारण एकट्यानं ऐकवत नसे. एकदा तालुक्याहून खताचा साठा तपासायला साहेब आले. बाकीचे दुकानदार अशा वेळी तोंड घट्ट करून उभे राहतात. अप्पांनी साहेबांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "साहेब, तुमची गाडी बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. आदी तुम्ही चहा घ्या, माझं पोट जागेवर येऊ द्या, मग तपासा." साहेब हसले. साठा बरोबरच होता. पण जाताना त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, तो मला माझ्या ओट्यावरून दिसला. मी इथल्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. तपासणीला आलेल्या कुठल्याही साहेबानं माझ्या खांद्यावर हात ठेवलेला मला आठवत नाही.

मी स्वतः भीत नाही असं गावात सगळ्यांना वाटतं. विज्ञानाचा मास्तर, त्यात कडक. आमच्या मुलानं एकदा हौसेनं मला विमानानं दिल्लीला नेलं होतं. उषा, म्हणजे माझी बायको, त्या वेळी आली नव्हती. विमान उडाल्यापासून उतरेपर्यंत मी वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होतो, आणि त्यात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मानेवरून घाम वाहत होता आणि जीभ टाळूला चिकटली होती. परत आल्यावर मुलानं सगळ्यांना सांगितलं, बाबा एकदम निवांत होते, पेपर वाचत बसले होते. तेव्हापासून विमानाच्या बाबतीत गावात मी जाणकार ठरलो.

अप्पांना विमानाची भीती होती ती मात्र गावाच्या मालकीची होती. त्यांची एकुलती लेक गौरा. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, त्यामुळं ती अर्धी आमच्या घरात वाढली. तिच्या वेण्या उषा घालायची. तिचं लग्न झालं आणि जावयाची नोकरी गुवाहाटीला. अप्पा पहिल्यांदा लेकीकडं गेले ते रेल्वेनं. सोबत धपाटी, शेंगाचटणी आणि गोधडी. कित्येक दिवसांचा तो प्रवास करून आल्यावर त्यांनी दुकानात त्याचं असं काही वर्णन केलं, की लोक युरिया घ्यायला येत आणि तासभर बसून जात.

मग गौराला मुलगी झाली आणि अप्पांनी ठरवलं, आता विमान. ठरवल्याची बातमी त्यांनीच गावभर केली, आणि गाव कामाला लागलं. आखातात गवंडीकाम करून आलेला एकजण त्यांना रोज येऊन पट्टा कसा बांधायचा ते दोरीनं दाखवू लागला. एका ट्रकवाल्यानं सांगितलं, कानात कापूस घाला. चहावाल्यानं त्याच्या बायकोला काय वाटतं तेही आणून सांगितलं. मला वाटलं, आता आपली पाळी. मी कागदाची एक पट्टी कापून दुकानात नेली. ती ओठांखाली धरून वरून फुंकर मारली की पट्टी वर उचलते, ते त्यांना करून दाखवलं. हवेचा दाब, पंखांचा आकार, सगळं समजावलं. अप्पांनी मन लावून ऐकलं. स्वतः फुंकर मारून पाहिली. कागद वर आला तसे खूश झाले. मग कागद माझ्या हातात परत देत म्हणाले, "सर, बरोबर हाय तुमचं. पण ह्या कागदावर गौराचा बा बसलेला न्हाय."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मी तीच पट्टी परत फुंकून पाहिली. तिच्यावर मी बसलेलो आहे असं मनात आणलं आणि ती चुरगळून टाकली.

त्याच हिवाळ्यात नळदुर्गच्या जत्रेत मोठा पाळणा आला होता. कुणीतरी सुचवलं की अप्पांनी पाळण्यात बसून सवय करावी. चार-पाच जण निघाले, मीही गेलो. जाणकार म्हणून मला जावंच लागलं. अप्पा पाळण्याखाली उभे राहून वर पाहत राहिले, पाळणेवाल्याला म्हणाले, बाबा, मी ओरडलो की थांबव. पहिल्या फेरीत ते वर पोचायच्या आतच ओरडले. त्यानं थांबवला. उतरले, तिथंच कट्ट्यावर बसले, जिलेबी खाल्ली आणि परत बसले. दुसऱ्या वेळी जरा वर गेले. तिसऱ्या वेळी पूर्ण फेरी झाली. तोवर पाळण्याखाली माणसांचा घोळका जमला होता, ओळखीचे, बिनओळखीचे. अप्पा खाली आले की त्यांना पाणी द्यायला हात पुढं येत होते. या सगळ्या फेऱ्यांना मी त्यांच्या मागच्या पाळण्यात होतो. उतरल्यावर मी एका खांबाला धरून उभा राहिलो. एकजण जवळ येऊन म्हणाला, सर, तुमचं बरंय, तुम्हाला सवय आहे.

एवढं करून अप्पा हैदराबादच्या विमानतळावरून परत आले. सामान दिलं, आत गेले, बसायची वेळ आली आणि तिथल्या माणसाला त्यांनी सांगितलं की आपल्याला जमणार नाही. सामान उतरवून घेतलं, गाडी करून घरी. माझ्यावर अशी वेळ आली असती तर मी आठ दिवस दार उघडलं नसतं. अप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि पहिल्या गिऱ्हाइकापासून सांगायला सुरुवात केली, कसे पाय जड झाले, कसं दाराशी जाऊन मागं फिरलो, दारातल्या पोरीनं किती समजावलं. लोक हसले, हळहळले, पुढच्या वेळी जमेल म्हणाले. उषानं त्या दिवशी त्यांच्याकडं भाजीचा डबा पाठवला. अप्पा रेल्वेनं जाऊन नात बघून आले.

नात शाळेत जायला लागली तेव्हाची गोष्ट. एका दुपारी अप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी समोरच होतो, पण त्यांनी उषाला हाक मारली. गौराच्या पोटात गाठ निघाली होती. कसली आहे ते काढल्यावरच कळणार होतं, आणि डॉक्टर थांबायला तयार नव्हते. रेल्वेनं पोचेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं असतं.

"वैनी," अप्पा म्हणाले, "परवा इमानानं जावं लागतंय. माझ्यानं एकट्यानं हुईना. तुम्ही अन् सर, दोघं चला संगं."

उषानं पदर खोचला आणि कपाटातून पिशवी काढली. इतकंच. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, कारण मी नाही म्हणायचं काही कारण तिला दिसत नव्हतं. मी जाणकार होतो.

हैदराबादच्या रस्त्यात गाडी उमरग्याच्या पुढं गेल्यावर अप्पा म्हणाले, गौराला लहानपणी इंजेक्शनची लई भीती होती. विमानतळावर जागा मिळाल्या त्या दोन शेजारी-शेजारी आणि एक मागच्या ओळीत खिडकीशी. उषानं क्षणभरही विचार केला नाही. "तुम्ही बसा मागं, मी अप्पांजवळ बसते," म्हणाली. तिचाही तो पहिलाच विमानप्रवास होता. तिला भीती वाटत नव्हती, हे एक वेगळंच.

मी मागं जाऊन बसलो. माझ्या शेजारी एक व्यापारी होता, त्यानं बसल्या बसल्या तोंडावर रुमाल घेतला. पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीतून मला अप्पांचा डावा हात आणि उषाच्या बांगड्या दिसत होत्या.

अप्पांनी पट्टा बांधायच्या आधीच तिथल्या गणवेशातल्या मुलीला बोलावलं. "बेटा, मेरेकू बहोत डर लगता. एक बार वापस गया मैं," असं म्हणाले. ती मुलगी त्यांच्याजवळ वाकली. तिनं त्यांना काय काय होणार ते आधीच सांगून ठेवलं. अप्पा ते एकेक वाक्य उषासाठी मराठीत मोठ्यानं परत म्हणत होते, आणि मी मागं बसून ऐकत होतो. आधी जोरात पळेल, मग नाक वर करील. खालून धडकन आवाज येईल, ती चाकं आत गेल्याची खूण. मग थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज एकदम कमी होईल आणि आपण खाली चाललोय असं वाटेल, पण ते खाली जाणं नसतं.

हे शेवटचं ऐकून मी पुढच्या खुर्चीकडं बघतच राहिलो. दिल्लीला जाताना नेमक्या त्याच वेळी मला वाटलं होतं की संपलं सगळं. पंखांचा आकार मला माहीत होता, पण ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. कारण मी कुणाला विचारलं नव्हतं. आता विमान पळालं, नाक वर झालं, खालून धडकन वाजलं, आणि आवाज कमी झाला तेव्हा मी अप्पांचं वाक्य मनात धरून बसलो. त्यांच्या भीतीवर माझं निभावत होतं, आणि याचाही मला राग येत होता.

पुढं कुठंतरी ढगांत विमान हलायला लागलं. वरचे कप्पे खडखडले. पट्टे बांधायची सूचना झाली, ती मुलगीही जाऊन बसली. शेजारचा व्यापारी रुमालाखाली झोपलेलाच. मी खुर्चीचे दोन्ही हात आवळून धरले. समोरून अप्पांचा आवाज येत होता, "हेदरब्याड... हेदरब्याड." भिऊ नको म्हणायचा हा त्यांचा कानडी शब्द. बुजलेल्या बैलाला ते असंच म्हणत, रडणाऱ्या गौरालाही असंच म्हणत. आता ते स्वतःच्याच छातीवर हात फिरवत स्वतःला म्हणत होते, जरा मोठ्यानं, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. पलीकडच्या बाजूच्या एका बाईनं त्यांना वेलदोडा दिला. आणि उषानं त्यांचं मनगट धरलं. बांगड्या मागं सरकवून, घट्ट, जसं आजारी माणसाचं धरतात तसं.

मी त्या फटीतून ते मनगट पाहत होतो. कुठलाही वेडावाकडा संशय माझ्या मनात नव्हता, हे सांगायची गरज नसावी. पण माझं मनगट तिनं असं कधी धरलं नव्हतं. धरण्यासारखं त्यात काही आहे हे तिला माहीतच नव्हतं. तेवढ्या वेळात मला जो हेवा वाटला तो माझ्या भीतीपेक्षा मोठा होता. विमान स्थिर कधी झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

उतरल्यावर ती बाई, ती मुलगी, आणखी कोण कोण अप्पांचा निरोप घेत होते. उषानं मागं वळून मला फक्त विचारलं की वरची पिशवी घेतली ना.

गौरा हॉस्पिटलच्या खाटेवर बसलेली होती. सकाळी तिला आत नेणार होते. तोंड उतरलेलं, हात गार. जावई तिच्या पायाशी उभा होता आणि नात त्याला बिलगली होती. मी पुढं झालो, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, भिण्याचं काही कारण नाही, हल्ली ही साधी ऑपरेशनं झाली आहेत. ती हो काका म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

अप्पा तिच्याजवळ बसले. त्यांनी ऑपरेशनचं नावच काढलं नाही. विमानाची हकीकत सांगायला लागले. पाय कसे लटपटत होते, तोंडाला कोरड कशी पडली, एकदा तर लहान मुलासारखा वैनींनी हात कसा धरला, काही लपवलं नाही. गौरा त्यांच्याकडं बघत राहिली. "मग काय केलंत अप्पा?" तिनं विचारलं.

"इचारत गेलो," अप्पा म्हणाले. "आता काय हुईल, मग काय हुईल. कळलं की भ्या जात न्हाय, पण जरा शेजारी सरकून बसतंय. तू बी इचार. लाजू नको."

सकाळी स्ट्रेचर आलं तेव्हा गौरानं नर्सला पहिलाच प्रश्न केला की आता काय करणार. नर्सनं सांगितलं. मग दाराशी भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनाही तिनं विचारलं. तेही थांबले आणि तिच्याशी बोलले. दार बंद होताना ती त्यांना आणखी काहीतरी विचारत होती. बाहेर बाकड्यावर अप्पा मघापासून चांदीची डबी मुठीत धरून होते, आणि दार लागल्यावर ते रडले, सगळ्यांच्या देखत. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मला कळलं की मी आयुष्यभर जी गोष्ट दडपून ठेवली, ती या माणसानं आपल्या लेकीच्या हातात शिदोरीसारखी दिली. माझ्याकडं तीच गोष्ट होती, कदाचित जास्तच होती, पण तिचा कुणाला काही उपयोग झाला नव्हता.

गाठ साधी निघाली. गौरा बरी झाली.

अप्पा तिथं राहिले, आम्ही दोघं परत आलो. या वेळी उषा माझ्या शेजारी होती. विमान उडालं तेव्हा ती खिडकीतून खाली पाहत होती आणि मला नदी दाखवत होती. मी मान हलवत होतो. मनात म्हणत होतो, आता सांगावं. तेवढ्यात तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, तुम्ही असलात की कसं निर्धास्त वाटतं. मग ती झोपली. मी हैदराबादपर्यंत हललो नाही.

त्यानंतर अप्पा आणखी दोनदा विमानानं गेले. भीती गेली नव्हती. जाण्याच्या आठवडाभर आधी दुकानात तीच चर्चा, तेच सल्ले, तेच हसणं, आणि मग ते जायचेच. पुढं गुडघ्यांनी आणि साखरेनं त्यांना गाठलं. गौरा म्हणाली, आता इथं एकटं राहायचं नाही. दुकान पुतण्याकडं गेलं. निघायच्या दिवशी निम्मं गाव हायवेवर उभं होतं. मी आणि उषा त्यांना हैदराबादपर्यंत सोडायला गेलो. पलीकडं जावई घ्यायला येणार होता, मधला प्रवास त्यांनी एकट्यानं करायचा होता.

विमानतळाच्या दाराशी उषा त्यांच्या पाया पडली आणि डोळे पुसत बाजूला झाली. मी नमस्कार केला. अप्पांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि जवळ ओढलं. उषाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "सर, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भिता. म्या पहिल्यापासनं बघतोय. वैनींना एकदा सांगून टाका."

एवढी वर्षं त्यांना माहीत होतं. ज्या माणसाच्या पोटात स्वतःचं काही राहत नव्हतं, त्यानं माझं मात्र कुणाला कळू दिलं नव्हतं. त्या क्षणी उपकार वाटायला हवे होते. मला वाटला तो पुन्हा हेवाच. हेही त्यांनाच जमलं होतं.

अप्पा पिशवी घेऊन रांगेला लागले. उषा माझ्याजवळ आली.

"काय म्हणाले हो?"

"जपून जा म्हणाले," मी म्हणालो.

दाराशी तिकीट तपासणारा जवान होता, मिशीवाला, कपाळाला आठ्या. अप्पांनी त्याच्या हातात तिकीट दिलं, आणि त्यानं ते बघून परत दिलं तरी ते पुढं गेले नाहीत. एक हात छातीवर ठेवून त्याला काहीतरी सांगू लागले. मागची रांग थांबली. जवानाच्या आठ्या हळूहळू गेल्या. त्यानं मान झुकवून अप्पांचं ऐकलं, त्यांच्या हातातली पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि आत उभ्या असलेल्या कुणाला तरी हाक मारली. उषा हात हलवत होती. अप्पांनी वळून पाहिलं नाही. काचेपलीकडं ते त्या नव्या माणसाच्या दंडाला धरून हळूहळू चालत होते, आणि त्यालाही पहिल्यापासून सगळं सांगत होते.